घरी येणं उणे कसं?

चिक्कडपल्ली,
रविवार, दुपार

प्रिय नाना,
जयभीम.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. एका घरात राहणारे बापलेक एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? आज लिहितेय, कारण मेस्त्री फरशीचे खोके गॅलरीत रचून जेवायला गेलाय, आणि तो परत आला की मला त्याला उत्तर द्यायचंय. जाताना त्यानं विचारलं, "मॅडम, ये लाल लकीर के ऊपरीच टाइलां बिठादूँ?"

मी म्हटलं, "ठैरो जरा. खाना खा के आओ."

लाल लकीर म्हणजे गॅलरीतली तुमची रेघ. उंबऱ्यापाशी शून्य, तिथून जिन्यापर्यंत दर मीटरला एक आकडा, सगळं ऑइलपेंटनं. दर जूनमध्ये इंटरची, अकरावीतली नवी पोरं ट्यूशनला आली की तुमचा पहिला धडा फळ्यावर नाही, या रेघेवर व्हायचा. "चल, शून्यापासून पाचपर्यंत जा. अब दो पे वापस आ. बोल, कितना चला? किधर पहुँचा?" पोरगं बिचकत म्हणायचं, आठ चाललो, दोनवर पोचलो. "हौ! आठ हे अंतर, दोन हे विस्थापन. परीक्षेत गोंधळलास तर याच रेघेवर उभा करीन."

आईचा मात्र या रेघेवर जुना राग. ओल्या पायाला तो रंग निसरडा होतो, हे तिनं तुम्हाला किती वेळा सांगितलं! तुम्ही ऐकलंत? गेल्या महिन्यात ती घसरलीच. मनगटाला प्लास्टर आहे. "माणूस गेला, आता रेघ कशाला सांभाळता?" म्हणाली. म्हणून ही खरखरीत फरशी. तिचं काही चुकलं नाही.

माझं भांडण वेगळं होतं, आठवतं? तुमच्या रेघेवर जिन्याकडे जाणं अधिक आणि दाराकडे येणं उणे. मी फ्रॉकातली, आणि तुम्हाला विचारलं होतं, "घरी येणं उणे कसं, नाना?"

तुम्ही हसलात. "उणे म्हणजे वाईट नव्हे गं. नुसती दिशा. ज्याची रेघ, त्याची दिशा. तू तुझी रेघ काढशील तेव्हा तुला हवं ते अधिक धर."

आता मी स्वतः शाळेत हेच शिकवते. तरी आतून पटलेलं नाही ते नाहीच.

आणि पुण्याचं? लग्न मोडून मी परत आले, तेव्हा मावशीच्या देखत तुम्ही म्हणालात, "विस्थापन शून्य." हे काय बोलणं झालं? भौतिकशास्त्र बरोबर होतं, वेळ चुकली होती. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. मग एकदा जेवताना माझ्या भातावर खट्टी डाळ वाढत, ताटाकडेच बघत तुम्ही म्हणालात, "अंतर कधी कमी होत नाही, सुजा. चाललेलं सगळं जमा होत जातं." ही तुमची माफी! माफी मागायलासुद्धा सूत्र लागायचं तुम्हाला.

लकव्यानंतर वॉकर घेऊन तुम्ही याच रेघेवर चालायचात. जाताना तीनपर्यंत रखडत. वळलात की मात्र घाई. मी दारातून ओरडायची, "नाना, हळू!" आणि तुम्ही जड जिभेनं मलाच प्रश्न विचारायचात. "वेग उणे, त्वरणही उणे. काय होतंय?"

"चाल वाढतेय, आणि तुम्ही पडणार आहात!"

"शाब्बास. पोरं लिहितात मंदावतोय. गाढवं."

ते तुमचं कायमचं दुखणं. उणे त्वरण दिसलं की पोरं डोळे मिटून 'मंदावतो' लिहिणार. वेगही उणे असेल तर गडी त्याच बाजूला जोरानं निघालाय, हे कुणी बघायचं? तुम्हाला घराकडे यायची घाई असायची, एवढी साधी गोष्ट.

मग एका सकाळी दोन माणसांनी तुम्हाला स्ट्रेचरवरून नेलं, रेघेवरूनच. एक, दोन, तीन, चार, पाच, जिना. अधिक दिशेनं, एकसारख्या वेगानं. मला तेव्हा रडू आलं नाही. लोक म्हणाले, पोरगी कठीण आहे. असेन. दवाखान्यातून शेवटचं आणलं तेव्हा जिना अरुंद, वर चढवणं अवघड म्हणून तुम्हाला खालीच ठेवलं आणि तिथूनच नेलं. या रेघेवर तुम्ही परत आलातच नाही. याचा मला राग येतो, नाना. कुणावर ते सांगता येत नाही.

हे लिहीपर्यंत मेस्त्री आला. मी काही बोलायच्या आत आईच बाहेर आली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. रेघेकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "फरशी बसू दे. पण जूनमध्ये पोरं चालणार कशावर?"

तुम्ही गेल्यावर पोरं येणार की नाही, हे घरात आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं सरळ येणार असं धरलं होतं.

मी मेस्त्रीला म्हटलं, "बिठादो."

तर नाना, शब्द देते. शाळा सुटल्यावर संध्याकाळी तुमची ट्यूशन मी चालवीन. नव्या फरशीवर रेघ काढीन, पण खडूनं, आईचा पाय घसरायला नको. शून्य तुमचंच, उंबऱ्यापाशी. दिशा मात्र माझी. जिन्याकडून दाराकडे अधिक. गॅलरीतले सगळे आकडे त्यामुळे उणे होतील, पोरं वैतागतील, "कैकू मॅडम?" म्हणतील. वैतागू देत. गणितं तशीही बरोबर येतात, तुम्हीच शिकवलंत.

माझ्या रेघेवर घरी येणं अधिक आहे, नाना. कधीही या.

तुमची,
सुजा