खाली ठेवलेला कप

मंगळवार, हरतालिका. मस्कत

ओमानी भागीदारांनी आज करारावर सही केलीच नाही. इथल्या कोर्टात अरबी मसुदाच चालतो, म्हणून त्यातला शब्दन् शब्द तपासून घेतला होता. मग त्यांनी कहवा दिला. माझा निर्जळी उपवास, मी कप तसाच खाली ठेवला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “तुमची काय मागणी आहे?”

“काहीच नाही.”

“इन्शाल्ला, नंतर बघू.”

गाडीत आमच्या ऑफिसातला रत्नागिरीचा सलीम म्हणाला, “मॅडम, पाहुण्याने कप न पिता ठेवला की त्याला काहीतरी मागायचंय, असं इथे समजतात.”

तो कप डोळ्यांपुढून हलत नाही. मी काही लपवतेय असं वाटलं असेल? उद्या फोन करू? उपवास आहे एवढंच सांगायचं होतं. लाजले. आणि कोणापुढे, तर महिनाभर रोजे धरणाऱ्या माणसांपुढे.