वेनलोडचा खजिना आणि नॉल नावाडी

१६ मार्च १९९७, रविवार
आजपासून खजिन्याचा मालक मी.

दरवर्षी ईस्टरच्या रविवारी आजी गावभर चिठ्ठ्या लपवायची. एका चिठ्ठीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं सगळं खानदान वेनलोडभर हिंडायचं. शेवटी नदीकाठी बिस्किटांचा डबा, आत चॉकलेटची अंडी. आजी नोव्हेंबरात गेली. आई म्हणाली, यंदा राहू दे. मी म्हटलं, मी करतो. आई म्हणाली, तू? तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. छोटी टिल्डा म्हणाली, रॉडीने केला तर डब्यात बेडूक असेल. (तो बेडूक एकदाच होता. लोक विसरत नाहीत.)

खरी गोष्ट वेगळीच आहे. आजोबा कायमचे लेस्टरला जायचं म्हणतायत, हेझेल मावशीकडे. ईस्टर झाला की सांगतो म्हणाले. आजी गेल्यापासून नदीकडे फिरकले नाहीत. हसले तर नाहीतच. माझा हिशोब साधा आहे: खजिना जबरदस्त झाला की आजोबा हसणार, हसले की राहणार. शाळेत माझं डोकं कोणाला कळलं नाही. शाळेचं नुकसान.

१९ मार्च
आयडिया आली. भूत!

वेनलोडचं भूत म्हणजे नॉल नावाडी. होडीसकट बुडाला, कधी ते कोणालाच नक्की माहीत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर होडीची घंटा आहे. ती वाजवली की नॉल पाण्यातून वर येतो आणि उतारूचं भाडं मागतो. शेवटची चिठ्ठी सांगणार, घंटा वाजवा. टिल्डा वाजवणार. मी घाटाजवळच्या बोटशेडमधून बाहेर येणार. हिरवं तोंड, अंगावर शेवाळ, गळ्यात दोर. आई किंचाळणार. आजोबा खो खो हसणार.

रोज एक तास प्रॅक्टिस करायची. ठरलं.

२४ मार्च
प्रॅक्टिस झाली नाही. वारा होता.

चिठ्ठ्या मात्र फर्स्ट क्लास. पहिली अशी:
जिथे सॉसेज स्वस्त नाही,
कसाई आमचा मस्त नाही,
त्याच्यासमोर खांब बघ,
उंदीर असेल तर लांब बघ.
आजीच्या चिठ्ठ्यांत यमक नसायचंच. तिच्याविरुद्ध बोलत नाही, पण नसायचं.

संध्याकाळी पोशाख लपवायला बोटशेडमध्ये गेलो. आत पेपरमिंटचा वास. आजीच्या खिशाला यायचा तसाच. पाच मिनिटांत बाहेर आलो. घाबरून नाही. वासाने डोकं दुखतं माझं.

२९ मार्च, शनिवार संध्याकाळ
सगळं तयार. उद्या दोनला सगळे बाजारचौकात जमणार. चिठ्ठ्या आधी लावून ठेवल्या तर पर्यटक पळवतात, म्हणून एक ते दोनमध्ये लावायच्या. दोनला मी चौकात पहिली चिठ्ठी दाखवायची आणि सटकायचं. पहाटेच घर सोडणार, म्हणजे टिल्डा मागे लागणार नाही. आरशासमोर हिरवा रंग लावून बघत होतो, तेवढ्यात आई जिन्याखालून काहीतरी ओरडली. घड्याळ की काहीतरी. मी म्हटलं, हो हो. माझ्याकडे घड्याळ आहे. वेळेच्या बाबतीत मी पक्का आहे.

३० मार्च, ईस्टर
सकाळी सात. सटकलो. सगळे घोरतायत. ब्रेडचे दोन तुकडे घेतले.

नऊ. दहाच्या प्रार्थनेची घंटा आत्ताच वाजली. चर्चच्या पाद्रीबाई आज घाईत दिसतायत.

एक वाजून दहा. कसायासमोरच्या खांबाला चिठ्ठी लावली. कोपऱ्यापलीकडून टिल्डाचं हसणं ऐकू आलं. पळत जाऊन पाहिलं, कोणी नाही. ती आत्ता घरी कोकराचं मांस चिवडत असणार. अजून यायला वेळ आहे.

सव्वा. पुराच्या खुणांची भिंत. आजीची रीत होती, नदीत हात बुडवायचा आणि सगळ्यांत वरच्या खुणेवर ओला पंजा उमटवायचा. टिल्डाला उचलून धरायला लागायचं. आज कोरड्या भिंतीवर ताजे ओले पंजे. एक मोठा, एक लहान. माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेले.
पर्यटक असतील. पर्यटकांना कोणी सांगितलं, माहीत नाही.

दीड. चर्चचा दरवाजा. आजी ज्या फटीत चिठ्ठी खुपसायची, त्यात पेपरमिंटचा कागद. नवा, चकचकीत. तिथे चिठ्ठी लावली नाही. फट लहान होती.

पावणेदोन. बोटशेड. रंग लावला, शेवाळ चढवलं. चौकात जायला निघणार, तर बाहेर घंटा वाजली. एकदाच. इतक्यात? कोणीच यायला नको. तरी म्हटलं, संधी सोडायची नाही. भाडं टाऽऽक, असं ओरडत बाहेर झेप घेतली.

पायऱ्या रिकाम्या. घंटेचा दोर हलत होता. नदी फुगलेली, तपकिरी. वारा अजिबात नव्हता.

माझा पाय घसरला. कमरेपर्यंत पाण्यात. मुद्दाम नाही, पण भूत ओलं असलं तर बरंच.

दोन. चौकात कोणी नाही. चर्चच्या घड्याळाने टोले दिले. मोजले. तीन.

अजून तिथेच. बाबागाडी ढकलत एक बाई आली. मी हिरवा, ओला, गळ्यात दोर. तिने पाहिलंच नाही. कुत्रा घेतलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, किती वाजले हो? ते माझ्या डोक्यावरून आभाळाकडे बघत म्हणाले, हवा बरी आहे नाही आज, आणि गेले. दोन म्हाताऱ्या माझ्या दोन्ही बाजूंनी वाट काढून गेल्या, मी खांब असल्यासारखं.

कोणालाच दिसत नाहीये मी.

त्या पायऱ्यांवर मी खरंच फक्त कमरेपर्यंतच पडलो का? बुडालेल्या माणसाला आपण बुडालोय ते कळतं का? नॉलला तरी कळलं होतं का? तो इतकी वर्षं भाडं मागत नसेलच कदाचित. वेळ विचारत असेल.

घरी जातोय. आई दिसली आणि तिला मी दिसलो नाही, तर काय करायचं ठरलेलं नाही.

३० मार्च, संध्याकाळ
जिवंत आहे.

दार उघडलं. सगळे चहाला बसले होते. आईने मान वर न करता सांगितलं, पाय पूस. आयुष्यात इतकं छान वाक्य ऐकलं नाही. (चौकातल्या लोकांचं सांगितलं, तर म्हणाली, गळ्यात दोर घातलेल्या हिरव्या मुलाकडे कोण बघेल?)

तर झालं असं. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकार सगळ्या देशाचं घड्याळ तासभर पुढे करतं. मला कोणी सांगितलं नाही. आई म्हणते, सांगितलं, जिन्याखालून, तू हो हो म्हणालास. सकाळपासून मी एक तास मागे जगत होतो. त्यांचे दोन वाजले तेव्हा माझा एक. टिल्डाने जाहीर केलं, रॉडीने सगळ्यांना फसवलं, चला घरी. आणि सगळ्यांना ते पटलं! इतकी वर्षं या घरात राहून हा विश्वास.

घरी निघाले, तेव्हा आजोबा म्हणाले, थांबा, जागा मला माहीत आहेत. पुढे आजोबा, मागे सगळे. आजोबा सांगत होते, या खांबावर तुमची आजी मला चढवायची, या फटीत तिचं बोट अडकलं होतं. भिंतीवरचे पंजे त्यांचे आणि टिल्डाचे. पेपरमिंटही त्यांचंच. मी प्रत्येक ठिकाणी त्यांच्या थोडाच मागे होतो.

मी विचारलं, आणि घंटा? आई म्हणाली, कुठली घंटा? घाटाकडे गेलोच नाही आम्ही. चर्चवरूनच परत फिरलो. आजोबा म्हणाले, तिकडे नको.

कोणी तरी पर्यटक. विषय संपला.

महत्त्वाचं म्हणजे, माझं तोंड पाहून आजोबा हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. केकचे दोन तुकडे खाल्ले. मार्ग थोडा बदलला, पण प्लॅन फत्ते. आजोबा राहणार.

६ एप्रिल, रविवार
हेझेल मावशी सकाळी गाडी घेऊन आली. आजोबांच्या दोन बॅगा, एक रेडिओ. मी म्हटलं, पण तुम्ही हसलात ना. ते म्हणाले, हो रे. तुझ्या आजीबरोबर सगळं गाव एकदा फिरून झालं, आता निघायला जड नाही जात. बरं झालं तू आला नाहीस. तुझ्या चिठ्ठ्या असत्या तर मी तुझ्याच शोधत बसलो असतो.

मी म्हटलं, म्हणूनच मुद्दाम आलो नाही.

ते म्हणाले, शहाणा आहेस.

गाडी पुलावर जाईपर्यंत हात हलवत उभा राहिलो. आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. खिडकीतून मावशीला नदीकडे काहीतरी दाखवत होते, आणि हसत होते.