पुलावरचा हवालदार

प्रिय एस्तेर आक्कास,

देवणीहून तुझ्या धाकट्या भावाचा, याकोबचा, प्रभूमध्ये सलाम. तुझा खोकला कसा आहे? दाजींची साखर? (आज त्यांनी चोरून पेढा खाल्ला तर ओरडू नकोस, कारण तसंच आहे.) आपल्या प्रीतमला मुलगा झाला, एवढंच सांगून मी फोन ठेवला. तुला राग आला असणार. पण माझा आवाजच टिकत नव्हता, म्हणून हे पत्र लिहितोय.

मंगळवारी सकाळी सूनबाईला, साक्षीला, एकाएकी कळा सुरू झाल्या. दिवस भरायला तीन आठवडे बाकी. प्रीतम हैदराबादला, ॲम्ब्युलन्सला तास लागणार, म्हणून शेजारच्या व्यंकटची जीप काढून उदगीरचा रस्ता धरला. मागं साक्षीला धरून तुझी भावजय रूथ, पुढं मी. मी चर्चच्या मंडळीतला पंच, तेव्हा धीर देणं माझ्याकडं. "भिऊ नका, प्रभू सोबत आहे," असं मी सारखं म्हणत होतो. (माझ्या एका पायात रूथची चप्पल होती, हे दवाखान्यात कळलं.)

ओढ्यावरच्या अरुंद पुलावर मधोमध एक बैल उभा. काळा-पांढरा, जीपपेक्षा थोडाच लहान. व्यंकटनं हॉर्न वाजवला, खाली उतरून ढकललं, हात जोडले. बैलानं एकदा शेपूट हलवली, बस. मागं साक्षीचं कण्हणं वाढलेलं. मी डोळे मिटले. मंडळीत माझी प्रार्थना लांबते म्हणून लोक घड्याळ बघतात ना, त्या मला एवढंच सुचलं, "प्रभू, बैल हटव." सात वेळा म्हणालो. बैल तिथंच. आक्का, खोटं कशाला लिहू, आठव्यांदा म्हणायला माझा विश्वास उरला नव्हता.

तेवढ्यात शेतातून एक म्हातारी काठी घेऊन पळत आली. "हवालदार! आरं हवालदार!" (हे बैलाचं नाव. मला आधी वाटलं पोलीस आले.) तिनं जीपमध्ये डोकावलं आणि काठी टाकून दिली.

"गाडी बंद कर. उदगीर लांब हाय, पोर जवळ हाय."

या नागुबाई. तीस वर्षं सरकारी उपकेंद्रात नर्सबाई होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं, साबणानं हात धुतले आणि आम्हा दोघा पुरुषांना पुलाच्या कठड्याकडं तोंड करून उभं केलं. मग बाळ आलं, पण रडलं नाही. नाळ गळ्याभोवती होती. मला ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, दुसरं काहीच नाही. नागुबाई आत हळू आवाजात बोलत होत्या, "ये राजा, ये, वेळ करू नको." आणि तो रडला. व्यंकट कठड्याला धरून खाली बसला. बैल कधी निघून गेला, कुणीच बघितलं नाही.

उदगीरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाटेत त्या बाई भेटल्या नसत्या तर..." मायलेकरं सुखरूप आहेत.

नागुबाईंना मी म्हटलं, तुम्हाला देवानंच पाठवलं. त्या हसल्या. "मी भगवान बुद्धाला मानते, भाऊ. अन् मला तर बैलानं आणलं."

तेव्हापासून एकच विचार मनात आहे. मी सात वेळा मागितलं आणि प्रभूनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर? अंगावर काटा येतो, आक्का.

तुझा भाऊ,
याकोब

ता. क. रविवारी मंडळीत उपकारस्तुती आहे. नागुबाई येते म्हणाल्या. दाजींना घेऊन तूही ये.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. तुझी ती लोकरीची नवी शाल, रंग पसंत नाही म्हणून उदगीरच्या दुकानात बदलायला माझ्याकडं दिलेली, ती जीपमध्येच होती. बाळाला तिच्यातच गुंडाळलं. आता दुकानदार घेणार नाही, आणि धुवायलाही काढता येत नाही. पोरानं तिचा काठ मुठीत धरलाय, आणि ती एवढीशी मूठ सोडवायला मी वाकलो की नुसता बघतच राहतो.