डाव्या हाताची कात्री

प्रिय आईला लेकीचा नमस्कार,

आधी अक्षर बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे!

दोन महिने माझ्या हातून कापड वाकडंच कापलं जात होतं, हे तुला कळवलं नव्हतं. कोटांच्या कारखान्यातून मला काढून टाकतील, अशी रोज धास्ती असायची. काल मुख्य कटरबाईंनी मला डाव्या हाताने चहा पिताना पाहिलं. म्हणाल्या, "अगं, तू डावखुरी आहेस! मग उजव्या हाताने कशाला झगडतेस?" आणि खणातून डाव्या हाताची कात्री काढून दिली. अशी कात्री असते, हेच मला माहीत नव्हतं! आई, तीन कोटांचं कापड सरसर कापलं, खडूच्या रेघेवरून केसभरही हलले नाही. बाई बघतच राहिल्या.

तुझे गुडघे काय म्हणतात? मी तिकडची नोकरी सोडून इकडे आले म्हणून बाबा अजून घुमेच आहेत का?

लोक हसतील म्हणून लहानपणी मी लिहायला बसले की बाबा माझा डावा हात धरून ठेवायचे. माझा राग नाही. पण हे पत्र मी त्याच हाताने लिहिलंय, जन्मात पहिल्यांदा. बाबांना दाखव आणि म्हणावं, तुमची पहिलीतली लेक आत्ता कुठे लिहायला बसलीय, तिला लिहू द्या.

तुझीच,
डावखुरी