हादऱ्याने बंद पडलेला कॅमेरा

बाबा, वडिलांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. पण आपल्याकडे जूचंद्रला बापाला कुणी अहो-जाहो करत नाही, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ते आता सुरू केलं तर तूच विचारशील, ही कोण शहाणी आली. तेव्हा तूच. सांगायचं हे की तुझा व्हिडिओ कॅमेरा सापडला. आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे, त्याच स्टीलच्या डब्यात, खाली तांदूळ आणि वर फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा. मिठागरावरची हवा लोखंड खाते म्हणून तू त्याला तांदळात ठेवायचास आणि आई करवादायची, “घरान तांदलाचे दोन डबे. येक मानसांचा, येक क्यामेऱ्याचा.” डबा उघडला तेव्हा आई हसली आणि मग पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली.

तू तो आणलास तेव्हा मी कॉलेजात होते. दुकानदाराने म्हणे तुला कॅसेटवाला स्वस्तात देऊ केला होता, पण तुला हार्ड डिस्कवालाच हवा होता. पोटात फिरणारी तबकडी आहे, तिच्यावर सगळं उमटतं, हे ऐकून तू हरखून गेलास. गोखिवऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं पॉवर प्रेसवर पत्रे कापणाऱ्या माणसाला फिरणाऱ्या वस्तूंबद्दल आपुलकी असणारच. तळहातावरच्या फोडासारखा जपलास तू त्याला. दसऱ्याला पाने-पकडींच्या रांगेत तोही पाटावर बसायचा, फक्त त्याचं कुंकू तू स्वतः लावायचास, काचेपासून चार बोटं लांब. त्याचं माहितीपुस्तक पेन्सिल घेऊन वाचायचास. चाळीतला कुणी कौतुकाने कॅमेरा हातात घेऊन हलवू लागला की तुझा जीव खालीवर व्हायचा. “हालवू नको रं, आत तबकरी फिरते.”

सगळ्यांना तू टिपलंस, पण तू स्वतः कुठेच नाहीस, कारण कॅमेरा कायम तुझ्या हातात. एकदाच तो तू माझ्या हातात दिलास, कारखान्यातल्या तुझ्या निरोपाच्या दिवशी. प्रेसच्या शेजारी खुर्च्या मांडल्यात, समोर मालक, मालकाचा मुलगा, सून. मागे काम थांबलेलं नाही, दोन मशीन धाड-धाड चालूच आहेत. तुझ्या गळ्यात हार, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तुला बोलायला सांगतात आणि तू मालकाकडे नाही, माझ्याकडे, कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागतोस. “मना भाषन येत नाय. पन येक सांगतो. दहा बोटां घेऊन आलतू, दहा बोटां घेऊन चाललू.” आणि दोन्ही हात वर करून दाखवतोस.

प्रेसवर जन्म काढून दहाही बोटं शाबूत घेऊन घरी जाणं म्हणजे काय, हे त्या कारखान्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. मला नाही कळलं. मला दिसली ती मालकाची सून, ‘मना’ ऐकून नवऱ्याच्या कानाशी लागून हसलेली. माझे कान तापले. मुंबईच्या कॉलेजात मी दोन वर्षं जीभ घासून शुद्ध बोलत होते, मैत्रिणींना वडील इंजिनिअरिंग कंपनीत आहेत असं सांगत होते, आणि हा व्हिडिओ त्या बघणार होत्या. माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. लाल ठिपका गेला. तू बोलतच होतास, आणि मी बंद कॅमेरा डोळ्याला लावून, जणू काही टिपते आहे अशी, शेवटपर्यंत उभी राहिले.

घरी आल्यावर टीव्हीला वायर जोडून तू सगळ्यांना बसवलंस. हात वर केलेस तिथेच चित्र संपलं. आई म्हणाली, पुढचा कुठे हाय? मी म्हटलं, आपोआप बंद पडला असेल. चोराच्या मनात चांदणं, मी तुझ्याकडे बघितलंच नाही. तू उठून माहितीपुस्तक आणलंस, पान काढलंस आणि ओळीखाली बोट ठेवून वाचलंस की जोराचा हादरा बसला तर डिस्क स्वतःला वाचवायला काम थांबवते. “प्रेसचा हादरा बसला. पोरीची काय चूक नाय.” पुढे जो कोणी विचारील त्याला तू हेच सांगत आलास. मी सुटले आणि तेव्हा मला त्याचा आनंदच झाला, हेही लिहून ठेवते.

आता माझी लेक दहा वर्षांची आहे. तिने तुला फक्त फोटोत पाहिलंय, आणि आजोबांचा आवाज ऐकायचा म्हणून तिने धोशा लावला. मी कॅमेरा मनवेलपाड्याला आमच्या घरी आणला. बॅटरी फुगलेली. चार्जरवर लावला तर सुरू झाला, पण प्रत्येक वेळी तारीख विचारतो आणि आतून टिकटिक येते. दुरुस्तीवाल्याने कानाला लावून ऐकला आणि म्हणाला, “मॅडम, डिस्क लास्ट स्टेजला आहे. पडद्यावर बघत बसू नका, डायरेक्ट कॉम्प्युटरला लावून कॉपी मारा. एकदाच चान्स आहे समजा.” घरी आणून वायर लावली, तर कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना. दुसरी वायर आणली, तरी तेच. शेवटी तुझं माहितीपुस्तक उघडलं. समासात तुझी पेन्सिल: ‘आदी चारजर लाव. मंग वायर. नायतर दिसत नाय.’ तसं केलं आणि दिसलं. एवढी शिकले मी, बाबा, आणि अडले ते तुझ्या पेन्सिलीवर येऊन.

रविवारी दुपारी एकेक तुकडा उतरत गेला. तुझं भाषण उतरलं, हात वर, आणि बंद. त्याच्या पुढे एक तुकडा होता, आम्ही कुणीच न पाहिलेला. तोच कारखाना, पण खुर्च्या नाहीत, हार नाही. दुसऱ्या दिवशी तू कॅमेरा घेऊन परत गेला होतास. तुझी रीतच ती, मशीन का थांबलं ते तपासल्याशिवाय तू कधी जेवला नाहीस. कॅमेरा चक्क प्रेसच्या टेबलावर ठेवलाय आणि प्रेस चालू आहे. प्रत्येक ठोक्याला चित्र थरथरतं, पण थांबत नाही. वीस मिनिटं सलग. मग प्रेस थांबते आणि प्रेसवरच्या तुझ्या जोडीदाराचा आवाज येतो, “नाय ना बंद परला? मंग काल कसा परला?”

प्रेसच्या चाकावरच्या पट्ट्याचा आवाज येत राहतो. मग तू म्हणतोस, “हादऱ्यानीच परला. आन तू यातला कोनाला काय सांगू नको.” आणि तुझा हात पुढे येतो, पाचही बोटं, आणि चित्र बंद.

म्हणजे तुला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत तू लोकांना हादऱ्याची गोष्ट सांगत राहिलास, माझ्यासमोर, माझ्या सासरच्यांसमोरही, आणि मला वाटायचं मी तुला फसवलंय. मी खूप रडले त्या दुपारी. रागही आला तुझा. एकदा रागवायचं होतंस रे.

हे पत्र पोस्टात टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी करून माहितीपुस्तकात, त्या हादऱ्याच्या पानात ठेवणार आहे. लेकीने भाषण चार वेळा लावलं. तुझ्यासारखे हात वर करून ‘दहा बोटां’ म्हणत घरभर फिरली. मग विचारलं, व्हिडिओ मधेच का थांबला? खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “मशीनचा हादरा बसला.” तिने विचारलं, मग पुढे काय बोलले आजोबा, तू तर तिथेच होतीस ना? होते, बाबा, चार पावलांवर होते. पण मी मालकाच्या सुनेकडे बघत होते. तू पुढे काय बोललास ते मी ऐकलंच नाही.