मिरचीच्या हातची लेन्स

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली तरी माझा राग काही गेलेला नाही, आणि आज तर तो नव्याने उफाळून आला आहे. तू होतीस तेव्हा तुझ्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. आता मुकाट्याने ऐकून घे.

मला बघायला पाहुणे आले होते, त्या दिवसाबद्दल बोलते आहे. सातवीपासून माझ्या नाकावर जाड काचांचा चष्मा. तो काढला की समोरच्या माणसाचे नाक-डोळेही धड दिसायचे नाहीत. पण तुझं एकच पालुपद, "चष्मावाली पोर कोन करी?" आठवडाभर आधी तू मला नंदुरबारला चष्म्याच्या दुकानात नेलंस. दुकानदाराने मला विचारलं, लेन्स जमेल का, सवय व्हायला वेळ लागतो. मी उत्तर द्यायच्या आत तूच म्हणालीस, "लेन्सच द्या." मला चष्माच बरा वाटत होता, हे सांगायचं राहूनच गेलं.

तो दिवस आठव. अंगणभर लाल मिरची पसरली आहे. माझे हात खराब होऊ नयेत म्हणून तू मला आत बसवलं आहेस आणि स्वतः दुपारपर्यंत देठं खुडते आहेस. पाहुणे गावात आल्याचा निरोप येतो, घाईत लेन्स दोनदा बोटावरून घसरली आहे. "सरक, मी लावस," म्हणत तू पुढे होतेस. मिरची हाताळली की आधी हातांना तेल चोळायचं, मग साबण लावायचा, हे मला तूच शिकवलेलं. पण दुकानदाराने बजावलं होतं, तेलकट हात लेन्सला लावू नका. म्हणून त्या दिवशी तू तेल घेतलंच नाहीस. तीनदा साबणाने हात धुतलेस आणि बोटांवर राहिलेली मिरची लेन्ससकट माझ्या डोळ्यात घातलीस. मी किंचाळले. तुला वाटलं, सवय नाही म्हणून झोंबतंय. माझे हात धरून ठेवलेस आणि काजळाच्या काळजीने दटावलंस, "डोया पुसू नको, काजय पसरी जाई. उगी ऱ्हाय." आणि दुसऱ्या डोळ्यातही घातलीसच!

चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मुलाची आत्या कौतुकाने म्हणाली, "पोर भलती लाजाळू शे. पसंत शे आमले." आणि तू हसलीस. माय, ते हसू मी अजून विसरलेली नाही. ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं तो मला नुसता एक निळा शर्ट दिसला, त्याचं तोंड दिसलंच नाही. मला तो पसंत आहे का, हेही कुणी विचारलं नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी चष्मा लावला, तेव्हा सासूबाईंनी तुला जाब विचारला, तर तू तोंड वर करून म्हणालीस, "लगननंतर लागना तिले." म्हणजे दोष त्यांच्या घरचा! तुझा जावई चांगला निघाला, पण ते माझं नशीब, त्यात तुझी हुशारी नाही. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यानेच नेलं. उजव्या बुबुळावर बारीकसा डाग आहे, तो कायमचा राहिला.

हे आज उकरून काढायचं कारण तुझी नात. अकरावीत आहे, कबड्डी खेळते, आणि यंदा तिचे दोन चष्मे मैदानात फुटले. सकाळी आम्ही त्याच दुकानात गेलो होतो. दुकानदार आता पार म्हातारा झाला आहे. त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "काय बेटा, चष्मा की लेन्स?" मी म्हणाले, "चष्माच. फ्रेम दाखवा." पोरगी माझ्याकडे बघत राहिली, मग हाताला लागली ती पहिली फ्रेम तिने पुढे सरकवली. घरी आल्यावर मी भाजी चिरायला घेतली, तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, दुकानातल्या काकांनी मला विचारलं होतं."

मी भडकले. तिला सगळं सांगितलं, तुझे मिरचीचे हात, आत्याबाईंचं कौतुक, हा डाग. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "बघ, यांना मिरची लागलीय का?" मी कांदा चिरत राहिले.

म्हणून लिहायला बसले. तुला चांगलं झापायचं होतं, ते झापून झालं, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. चष्मा गुरुवारी तयार होईल. काचा बसवायच्या आधी फोन केलात तर चष्म्याऐवजी लेन्स देईन, असं दुकानदार निघताना म्हणाला होता. पोरीला नव्हे, मला म्हणाला होता. पावती समोरच आहे, तिच्यावर नंबर आहे. हे पत्र मी कुठेच पाठवणार नाही. पण माय, फोनही मी अजून केलेला नाही.