मिलिंदच्या गाडीचं हेड

३ नोव्हें., सोम.
नात आली. प्राची. कंपनीत इंजिनिअर आहे, ब्रेकच्या खात्यात. इतकी वर्षं दूधवाल्यांच्या मोटारसायकली बनवणारी कंपनी आता रेसची गाडी काढतेय. मोबाईलवर दाखवली. दोनशेच्या वर जाते म्हणे. मी विचारलं, थांबते का? हसली. "तेच तर माझं काम, आजोबा."
गाडीचा आवाज ऐकवला. बशीत चहा सांडला. सून सुषमा म्हणाली, बीपीची गोळी विसरलात. विसरलो नव्हतो.

४ नोव्हें.
परळला मोठा कार्यक्रम आहे. नव्या गाडीशेजारी कंपनीचं जुनं शंभर सीसी मॉडेल उभं करायचंय. प्राचीने साहेबांना सांगून टाकलं, माझ्या बाबांची आहे. कॉटन ग्रीनला, माझ्या दोस्ताच्या, दगडूच्या गोदामात. मिलिंद गेला तेव्हापासून ताडपत्रीखाली. इंजिन उघडून चालू करणार. मी म्हटलं, गंजली असेल, राहू दे. "म्हणून तर उघडायची."
जाताना म्हणाली, बाबांच्या अपघाताच्या पंचनाम्यात वाचलं होतं, ब्रेक लागले नाहीत. म्हणून मी ब्रेकचं खातं घेतलं.


५ नोव्हें.
आजवर कुठे लिहिलं नाही. मिलिंद म्हणाला होता, अप्पा, सगळ्यांच्या गाड्या माझ्या पुढे जातात. लालबागच्या गॅरेजात, रविवारी, मी इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढून काचेवर पॉलिशपेपर लावून घासलं. पातळ केलं की कम्प्रेशन, आतला दाब वाढतो, गाडी पळते. पळाली. ब्रेक तेच ठेवले, साधे ड्रम. गिऱ्हाईक गाडी पळवायचं विचारायचं, थांबवायचं कोणी विचारत नसे. पण मी मिस्त्री होतो. बाप होतो.
नऊ दिवस चालवली. रे रोडचं वळण, उभा ट्रक.
सुषमाला माहीत नाही. तिला अजून वाटतं, कंपनीची गाडी वाईट.

७ नोव्हें.
भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचं न घासलेलं हेड आणलं. पिशवीत खाली हेड, वर कोथिंबीर. कॉटन ग्रीनला गेलो. बदलून टाकलं की संपलं. नट फिरेनात, रॉकेल घातलं, पान्हा सटकून बोट फुटलं. दगडू स्टुलावर बसून बघत होता. म्हणाला, "अप्पा, मेलेल्या गाडीची सर्व्हिसिंग कसली करतोस?"
पान्हा खाली ठेवला. त्याला कळलं असावं. आणलेलं हेड तिथेच टाकून आलो. कोथिंबीरही.

१० नोव्हें.
कंपनीचा टेम्पो गाडी घेऊन गेला. दुपारी पडलो तर ताडपत्री ओढल्याचा आवाज. दोनदा उठलो.

१२ नोव्हें.
प्राची न सांगता आली. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाली, हेड मापात नाही, मिलिमीटरभर कमी. "हाताने घासलंय, आजोबा. फार सफाईने. बाबा गाडी कोणाकडे टाकायचे?"
आत सुषमा भाकरी थापत होती. थापणं थांबलं.
मी म्हटलं, "तो माझ्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही."
प्राची दाराकडे वळली. मग एवढंच, "आणि ब्रेक?"
 न जेवता गेली.

१४ नोव्हें.
सुषमा चहा हातात देत नाही. खिडकीत ठेवते. परवापर्यंत बुद्धवंदना घेताना माझ्या शेजारी बसायची, काल भिंतीकडे बसली. विचारत काही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी प्राचीचा फोन. "उद्या दहाला तयार राहा, गाडी पाठवते. साहेबांना सगळं सांगितलंय." कार्यक्रमाला नेणार की कशाला, विचारायच्या आत ठेवला.
सुषमाला म्हटलं, तू येतेस का. तिने पोळपाट बाजूला सारला, हात पुसले, समोर येऊन बसली.
"तिथे काय बोलायचं ते बोला. आधी मला सांगा. पहिल्यापासून."
अजून समोरच बसली आहे. मी लिहितो आहे.